दुसरी बाटली

बाबा पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचे, आणि नमुना घ्यायचा तर बाटल्या दोन, हा त्या खात्याचा पहिला नियम. एक तपासायला, एक सांभाळायला. दोन्हींच्या तोंडाला दोरा, दोऱ्यावर लाख, लाखेवर शिक्का, पोटावर तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी. पहिल्या बाटलीवरून उद्या कोणी वाद घातला तर दुसरी काढायची आणि चारचौघांसमोर फोडायची. वाद मिटेपर्यंत ती फेकायची नाही, मग दहा वर्षं लागोत. "पहिली बाटली खोटं बोलू शकते," ते थोरलीला लहानपणी सांगायचे. "शहाण्या माणसाने आधी विचारावं, दुसरी कुठे ठेवलीय?"

एकतीस वर्षं त्यांनी हा प्रश्न लोकांना विचारला. स्वतःच्या फोनला तेवढा विचारायचा राहिला.

त्यांना जाऊन पाच महिने झाले तेव्हा आई एक दिवस कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, की त्यांचा आवाज कुठे मिळेल का. जास्त नको, एखादं वाक्य पुरे. फोनमध्ये असेल ना? थोरली म्हणाली, बघते. धाकटा भाऊ दूरदेशी होता. तो रविवारी फोन करायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि ठेवायचा. बघायचं ते तिलाच बघायला लागायचं.

फोन टेबलाच्या खणात होता. बाबा गेल्यावर आठवडाभर आईने तो चालू ठेवला, लोकांचे फोन यायचे म्हणून. मग एकदा चार्ज करायचा राहिला, तो राहिलाच. थोरली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची; त्याच गल्लीत मोबाईल दुरुस्त करणारी एक बाई बसायची. पन्नाशी उलटलेली, कपाळावर भिंग चढवलेलं, तोंडाने फटकळ. दुपारच्या सुट्टीत थोरलीने फोन तिच्यापुढे ठेवला.

"बॅटरीचं पोट आलंय, ताई," मोबाईलवाली म्हणाली. "बाळंत व्हायच्या आत आणलात ते बरं केलंत."

तिने पाठ उघडली, फुगलेली बॅटरी चिमट्याने अलगद काढली, नवी बसवली. फोन उजळला. कुलपाचा आकडा थोरलीला ठाऊक होता, तिनेच तर घालून दिला होता. मोबाईलवालीने मेसेज उघडले आणि मान हलवली. आवाज एकही नव्हता. मालकाने प्रत्येक माणसाच्या मेसेजला पुसायची वेळ लावून ठेवली होती, चोवीस तास. बायकोच्यासुद्धा. बायकोपासून काय लपवत होते हो, असं तिने विचारलं आणि थोरलीचा चेहरा बघून जीभ चावली.

बायकोपासून ते काहीच लपवत नव्हते. शहराच्या जुन्या भागातल्या नळांच्या पाण्यात शिसं उतरत होतं. बाबांनी पाच वेळा तपासलं, पाचही वेळा आकडा तोच आला. प्रयोगशाळेच्या कच्च्या वहीत तो आकडा होता. वर जाणाऱ्या पक्क्या वहीत मात्र तो दर वेळी कोणीतरी निम्म्याच्या खाली आणायचं. बाबांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, तुमचं काम तपासायचं, पुढचं वाचायचं नाही. मग बाबांनी एका बातमीदार बाईला गाठलं. तिने त्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं आणि समजावलं, की यातला मेसेज निघतानाच कुलूपबंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्याकडेच उघडतो. मधे कोणाच्या बापाला वाचता येत नाही, आणि दिवसभराने आपोआप नाहीसा होतो. बाबा त्या संध्याकाळी लहान मुलासारखे खूश होते. लाखेपेक्षा पक्कं आहे, म्हणाले. हात बसावा म्हणून त्यांनी ते सगळ्यांच्या मेसेजला लावून टाकलं, आईला पाठवलेल्या 'येताना दूध आणतो'लासुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कच्च्या आणि पक्क्या वहीची पानं शेजारी शेजारी ठेवून फोटो काढले आणि घरी येऊन बाईला पाठवले. एक पान तेवढं पाठवलं नाही. पक्क्या वहीतल्या त्या पानावर मुनीकाकांची सही होती.

मुनीकाका म्हणजे बाबांचा नोकरीतल्या पहिल्या दिवसापासूनचा मित्र, प्रयोगशाळेतला लेखनिक. बोलायचा इतकं कमी, की मुनी हे नाव बाबांनीच पाडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं. दोघं एका टेबलावर जेवायचे आणि दोघांत मिळून एकच माणूस बोलायचा. समोर आलेल्या पानावर मुनीकाकांनी न वाचता सही केली होती, एकतीस वर्षं करत होते तशी. बाबांनी ते पान त्यांना एकट्याला पाठवलं, खाली लिहिलं, "हे पान मी यातून वगळलंय. निर्धास्त राहा." मग सगळे फोटो फोनमधून पुसून टाकले.

बातमी छापून आली. चौथ्या दिवशी साहेबांनी बाबांना बोलावलं आणि टेबलावर छापील फोटो पत्त्यांसारखे मांडले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बाबांचा अंगठा आला होता, आम्लाने भाजलेल्या जुन्या डागासकट. तो नाकारायची सोयच नव्हती. बाबांना वाटलं, बाई फुटली. पण सगळ्यात शेवटी साहेबांनी मुनीकाकांच्या सहीच्या पानाचा फोटो ठेवला, आणि तो बाईकडे नव्हताच. तो बाबांनी एकट्या मुनीकाकांना पाठवला होता.

त्याच दिवशी बाबांनी मित्राला बाहेरच्या बोळात गाठून विचारलं, तू दिलंस? मुनीकाकांनी फरशीकडे बघितलं आणि म्हणाले, "तसं समज."

पुढचं लवकर सांगून होतं. निलंबन, चौकशी, तारखा. साहेब आजारी म्हणून तारीख पुढे, साहेब रजेवर म्हणून पुढे. सात महिने बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले. नोकरी गेल्याचं त्यांनी कधी काढलं नाही. अधूनमधून मात्र "तसं समज" असं स्वतःशीच म्हणायचे, एखादं अवघड गणित तोंडी सोडवत असल्यासारखं. मग हृदयाने दगा दिला, इस्पितळात नऊ दिवस, आणि संपलं. त्या दिवशी मुनीकाका आले होते. टोपी हातात घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. थोरली दारात होती. तिने आयुष्यात वडीलमाणसाला उलट उत्तर दिलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "आता याचाही फोटो काढायचाय का?"

ते वळून सावकाश उतरून गेले.

"आवाज नाहीत, पण फोटो आहेत," मोबाईलवाली सांगत होती. "तुमच्याकडे आहेत तसे वरही आहेत. बॅकअप चालूच होता. हे खातं कोणाचं म्हणायचं?"

तिने फोन थोरलीकडे वळवला. खात्याच्या पत्त्यात आधी बाबांचं नाव होतं, मग एक चिन्ह, आणि पुढे पाणीखात्याचं नाव.

मोबाईलवालीने न विचारता स्टूल पुढे सारलं.

फोन तिनेच आणला होता, बाबांच्या वाढदिवसाला. जेवणाच्या टेबलावर बसून तिनेच सुरू करून दिला. त्याने ई-मेल विचारला, आणि बाबांचा ई-मेल आयुष्यात एकच, ऑफिसचा; त्याचा पासवर्ड चष्म्याच्या डबीत चिठ्ठीवर असायचा. तिने तो टाकला. मग फोन एकेक विचारत गेला आणि ती हो, हो, हो दाबत गेली. एका ठिकाणी बाबांनी वाकून विचारलं होतं, हे काय विचारतोय? ती म्हणाली होती, काही नाही बाबा, तुमचे फोटो हरवू नयेत म्हणून.

मोबाईलवालीला प्रकरण ठाऊक नव्हतं. थोरलीने ते चार वाक्यांत सांगितलं. बाई भिंग कपाळावर सारून ऐकत राहिली.

"मेसेज कोणी फोडला नाही हो, ताई," ती शेवटी म्हणाली. "त्याला कुलूप आहे ते खरंच आहे. पण कशाला फोडतील? फोटो काढला, माणूस घरी आला, वायफाय लागलं, की एक प्रत ऑफिसच्या कपाटात. इथलं पुसलं म्हणून तिथलं पुसेलच असं नाही. कपाट त्यांचं, किल्ली त्यांची. त्यांनी आपलंच कपाट उघडलं, झालं."

थोरलीने विचारलं, म्हणजे कुठले कुठले?

"सगळे. ह्या फोनने काढलेला एकूण एक."

पडद्यावर लिहिलेलं होतं, फोटो जतन झाले. त्याखाली शेवटची तारीख, बाबा गेल्यानंतर सहा दिवसांची. खात्याने त्यांना कामावरून काढायचा घाट घातला होता, त्यांचं खातं मात्र बंद केलं नव्हतं. थोरली बोटाने फोटो मागे सरकवत गेली. इस्पितळातले बाबा, नाकात नळी, आईने काढलेले. खिडकी. खिडकीतून दिसणारी टाकी. धाकट्याचा निरोपाच्या दिवशीचा. आणि मग एकदम सगळा पडदा एकाच रंगाच्या चौकोनांनी भरला, आणि ती काय बघतेय हे कळायला तिला एक क्षण लागला.

आईचं छातीचं ऑपरेशन झालं होतं, एक बाजू काढून टाकली होती. जखमेचा रोज फोटो पाठवा, असं परिचारिकेने सांगितलं होतं. आईने आरशात बघायचं सोडलं होतं तेव्हा. बघायचे ते बाबाच. ते फोटो त्यांनी काढले होते, अगदी स्थिर हाताने, आणि प्रत्येक फोटोत टाक्यांच्या शेजारी तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती. सवयच ती. एकूण बावीस होते.

दुसऱ्या दिवशी थोरलीने रजा टाकली आणि गावाबाहेरच्या पंपघरावर गेली. मुनीकाकांची तिकडे बदली झाली होती. भिंतीवर दाबाच्या तबकड्या होत्या, त्यांचे आकडे दर तासाला वहीत उतरवायचे, एवढंच काम. जमिनीखालून पंपांची घरघर तळपायांना जाणवत होती. शेजारच्या खोलीत बाकीचे लोक एकत्र डबे उघडून बसले होते. मुनीकाकांचा डबा इथे, तबकड्यांखाली. मित्राला विकणारा माणूस म्हणून त्यांच्या शेजारी कोणी जेवत नाही, हे दरवाजावरच्या माणसाने तिला आपण होऊन सांगितलं होतं.

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाढदिवस, चिठ्ठी, हो, हो, हो. त्यांनी हातातली पेन्सिल वहीवर ठेवली.

"माहीत आहे," मुनीकाका म्हणाले.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी दुसरी खुर्ची पुसून पुढे केली, आणि मग तिने त्यांच्या तोंडून आयुष्यभरात ऐकलं नव्हतं इतकं ते बोलले.

"त्याच्या आधी तासभर मला बोलावलं होतं. साहेबांच्या टेबलावर संगणक होता. माझ्या सहीचं पान दाखवायचं होतं त्यांना. पण ते उघडायच्या आधी सगळे फोटो ओळीने लागले होते. तू होतीस. धाकटा होता." ते थांबले. "वहिनी होत्या. मी मान खाली घातली. साहेबांनी घातली नाही. तिथे आणखी दोघं होते."

थोरलीने विचारलं, बाबांना का नाही सांगितलंत.

"काय सांगू? थोरलीने फोन दिला, थोरलीने लावून दिला, हे तो मला रोज जेवताना सांगायचा. कान किटले होते." तबकडीचा काटा जरा हलला तसे ते उठून बघून आले. "खरं काय ते सांगितलं असतं तर वहिनींचंही सांगावं लागलं असतं. मग तो त्या साहेबाच्या अंगावर गेला असता. आणि त्यानंतर तुझ्याकडे बघून काय म्हणाला असता? मित्र काय, एक गेला तर गेला. मला वाटलं, राग राहील महिनाभर. मग सावकाश कधीतरी सांगू." पेन्सिल त्यांनी उचलली आणि परत ठेवली. "तो एवढ्या लवकर जाईल असं कुठे वाटलं होतं, पोरी."

दारातल्या त्या वाक्याबद्दल ती काही बोलू लागली, तर त्यांनी हात वर केला. ते वाक्य योग्य माणसाला बोलली होतीस, म्हणाले. मी ज्याचं सोंग घेतलं होतं त्याला तसंच बोलायला हवं. निघताना त्यांनी एकच मागितलं. वहिनींना कळू देऊ नकोस. माझं काय, माझी सवय झालीय.

परतीच्या वाटेवर थोरलीने त्याचा बराच विचार केला. गप्प बसणं सोपं होतं, आणि त्याला दयेचं नावही देता येत होतं. आईला मुनीकाकांचा राग होता, आणि त्या रागाला धरून ती पाच महिने उभी होती. तो काढून घेतला तर तिच्या हाताशी काय राहणार होतं? मुलीची चूक आणि परक्या पुरुषांच्या नजरा. पण तबकड्यांखालचा तो डबा काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एक माणूस तिच्या वाटचं ओझं घेऊन बसला होता, आणि ते तसंच त्याच्या डोक्यावर ठेवायचं म्हणजे या वेळी जाणूनबुजून 'हो' दाबायचं.

आई स्वयंपाकघरात होती. काय म्हणाली मोबाईलवाली, तिने विचारलं. आवाज नाहीत, थोरली म्हणाली. मग बाकीचं सगळं सांगितलं, काही मागे न ठेवता, कारण मागे ठेवायचं तर नेमकं काय हे तिला ठरवता येईना.

आईने ऐकता ऐकता गॅस बंद केला. शेवटी तिने दोनच प्रश्न विचारले.

"किती होते?"

"बावीस."

"ह्यांच्या चिठ्ठीसकट?"

"हो."

आईने स्वेटरची गुंडी गळ्यापर्यंत लावली, खोलीत उकडत होतं तरी. मग खुर्ची ओढून बसली आणि टेबलावरचा एक कण बोटाने टिपत राहिली.

"भावजींना तू नाही परत पाठवलंस," ती म्हणाली. "तू नुसती बोललीस. दार मी लावलं."

फोनबद्दल ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. रागावली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी आई स्वतः पंपघरावर गेली, एकटी. तिथे काय बोलणं झालं ते थोरलीला कधीच कळलं नाही. पण त्या रविवारी मुनीकाका घरी आले, टोपी हातात, आणि या वेळी दार आईने उघडलं. ते बाबांच्या खुर्चीत बसले नाहीत, तिच्या शेजारी स्टूल घेतलं. खात्याची भाषा त्यांना येत होती. अर्ज त्यांनीच लिहिला, कागदाखाली कार्बन घालून, वळणदार अक्षरात. अर्जदार ही दिवंगत कर्मचाऱ्याची पत्नी असून, सदर खात्यातील कौटुंबिक व वैद्यकीय छायाचित्रे नष्ट करण्यात यावीत. 'वैद्यकीय' हा शब्द लिहिताना त्यांनी वर बघितलं नाही. आईने सही केली. सही करण्याआधी तिने अर्ज पूर्ण वाचला.

उत्तर पाच आठवड्यांनी आलं, एका पानाचं. मुनीकाकांनी ते मोठ्याने वाचलं. सदर सामग्री चौकशीतील पुरावा आहे. चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच संबंधित कर्मचारी मयत झाल्याने ती बंद करता येत नाही. वाद निकाली निघेपर्यंत पुराव्याचा कोणताही भाग नष्ट करणे नियमात बसत नाही. सर्व सामग्री मोहोरबंद व सुरक्षित ठेवण्यात आली आहे, याबाबत अर्जदाराने निश्चिंत असावे.



"म्हणजे कधीपर्यंत?" आईने विचारलं.

मुनीकाकांनी पत्राची घडी घातली, तिच्यावरून नखाने रेघ ओढली. उत्तर तिघांनाही ठाऊक होतं. ज्याला विचारायचं तोच उरला नव्हता, तर चौकशी कोण संपवणार.

"ह्यांचाच नियम आहे हा," आई म्हणाली, आणि स्वेटरच्या गुंडीपाशी तिचा हात गेला. ती लावलेलीच होती.

मुनीकाकांनी कोरा कागद पुढे ओढला. वरच्या साहेबांना लिहून बघू, असं काहीतरी पुटपुटले. मग कागदाखाली कार्बन सरकवला, कार्बनखाली दुसरा कागद, आणि तिन्हींच्या कडा टेबलावर आपटून नीट जुळवल्या.